चाळीस हजारांची खीर

मी जुनं तांब्याचं पातेलं. विश्रांतवाडीच्या एका विहारात राहतं. मित्रांनो, माझ्यापुढं कुणी आकडा फेकला की मी एवढंच विचारतं, हा आकडा जेवतो का?

तांबट आळीत मला ठोकून ठोकून घडवलं. ते ठोके अजून अंगावर आहेत. खडकीच्या फॅक्टरीतल्या भीमरावांनी मला विहाराला दिलं, तेव्हापासून बुद्धपौर्णिमेची खीर माझ्यातच. "ह्या पातेल्यात खीर खाली लागत नाही," असं बायका म्हणायच्या. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पद्धत अशी होती. आदल्या दिवशी भीमरावांची बायको हिराबाई पिशवी घेऊन घरोघर जायची. दर घरातून एक मूठ तांदूळ. मूठ दिली की त्या घराला आमंत्रण पोचलं. जाडे, बारीक, जुने, नवे, सगळे तांदूळ माझ्यात पडायचे आणि किती तोंडं येणार ते मला पोटातच कळायचं.

मग आयटीवाल्यांच्या बसगाड्या आमच्या रस्त्यानं धावायला लागल्या. हिराबाईचा प्रज्ञेश त्यातच चढला. घराघरात फोन आले. आणि एका वर्षी भीमराव गेले.

त्यानंतरची पहिलीच पौर्णिमा. आदल्या दिवशी हिराबाईनं पिशवी काढली. म्हणाली, "त्यांच्या ओळखीचं एकही घर खिरीवाचून राहायला नको."

"आई, उन्हात कशाला फिरतेस? मी सोशल मीडियावर टाकलंय. चाळीस हजार लोकांनी बघितलं. ते चालवणारी कंपनीच सांगतीय."

शेजारची यमुनाबाई म्हणाली, "चाळीस हजार? आपल्या वस्तीत? कबुतरं धरून का रे?"

"मावशी, सहाशे जण तर येणार म्हणालेत."

पिशवी परत खुंटीला गेली. दुकानातून पोतं आलं, भाड्याची दोन पातेली आली. मला तेव्हाच शंका आली. पोटात तांदूळ होते, पण सगळे एकाच पोत्यातले. एकाही घराचा हात त्यांना लागला नव्हता. आणि बघितलं म्हणजे काय हो? बोटानं वर ढकललं तरी ते बघितलंच धरतात.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली. दारात वीस-पंचवीस माणसं.

"प्रज्ञेश, बाकीचे ट्रॅफिकमध्ये अडकले का रे?" यमुनाबाईनं विचारलं.

प्रज्ञेशनं फोन उघडला. येणाऱ्यांची नावं बघायला हिराबाईही वाकली आणि तशीच थांबली. "अरे, हे... हे येणार म्हणतात?"

यादीत भीमराव होते.

प्रज्ञेशची धाकटी बहीण चैताली पुटपुटली, "बाबांचा फोन मीच वापरते गं. माझ्या नावानं 'येणार' दाबलं, त्यांच्या नावानंही दाबलं. गर्दी दिसावी म्हणून."

"म्हणजे तू एकटी, आणि माणसं दोन."

"कंपनी बाबांना अजून मोजतीय, आई," प्रज्ञेश हळूच म्हणाला.

"मोजू दे. त्यांच्या वाटीची खीर ती खाणार आहे का, विचार तिला."

मी चुलीवर खदखदत होतं. एवढ्याशा वस्तीत गेलेला माणूस येणार म्हणतो, मग ही कंपनी जगातली कोटी कोटी माणसं आपल्याकडं म्हणून सांगते, त्यात भीमराव किती असतील? मोजतं कोण? जो त्याच माणसांच्या नावानं जाहिराती विकतो, तोच. त्याच्या मोजणीवर मी कसा विश्वास ठेवू, सांगा!

हिराबाईनं पिशवी घेतली नाही, चपलाही नीट घातल्या नाहीत. तशीच दारं वाजवायला बाहेर पडली. थोड्या वेळानं पहिली आली ती म्हातारी गोदाबाई. हातात वाटी, वाटीत मूठभर तांदूळ.

"काय गं हिरा, काल मुठीला आली नाहीस! दाराशी काढून ठेवले होते. आम्हाला वाटलं, दुःखाचं घर, यंदा खीर नाही."

मागून जो आला तो मूठ घेऊन आला आणि हेच म्हणाला. माझा तळ दिसेपर्यंत माणसं येत होती. भाड्याच्या पातेल्यातली खीर मात्र उरलीच. प्रज्ञेश ती आळंदी रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढत होता. फोन खिशात.

मला घासून पुसून झाल्यावर हिराबाईनं त्या सगळ्या मुठी माझ्यात ओतल्या. जाडे, बारीक, जुने, नवे. तेव्हा कुठं मला भरल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, माझी कल्हई उडालीय, तेवढी करून घ्या. आणि फोन कितीही माणसं सांगू दे, एकदा जाऊन दार वाजवा. उघडलं तर मोजा.