खिळ्यांची शिडी

"मावशी, आधी खाली या हो! पडलात तर नसती आफत," कंत्राटदार खालून ओरडला.

"पडले तर शिडी वाईट. मग ती तुम्हाला विकणारच नाही," शिडीवाली म्हणाली आणि खांद्यावरची वाळूची गोणी सावरत शेवटच्या पायरीवर उभी राहिली. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे. पण तिच्या कारखान्यातून ती स्वतः चढल्याशिवाय एकही शिडी बाहेर जात नसे. धाकटा दीर शिडी धरायचा, ती वरून "पास" म्हणायची, तो खडूने खूण करायचा. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं हेच चाललेलं. एकदाच तिला ताप होता म्हणून एक शिडी तशीच गेली, आणि एक रंगारी जन्माचा लंगडा झाला.

कंत्राटदाराला शनिवारपर्यंत दोनशे शिड्या हव्या होत्या. पायऱ्या खाचेत बसवत बसू नका, खिळे ठोका आणि पाठवा, असं त्याचं म्हणणं. हे काम गेलं तर कारखान्याला टाळं लागणार, हे तिलाही ठाऊक होतं.

"खिळ्यांची शिडी मी करत नाही," खाली उतरून ती म्हणाली.

"वहिनी, चालून आलेलं काम लाथाडू नका," दीर काकुळतीला आला. "प्रार्थना रविवारी, धंदा सोमवारी. दोन्हींची गल्लत कशाला?"

"भावजी, तरुणपणी मी चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं होतं, देवाची कोणती सेवा करू? ते म्हणाले, गाण्यात तुझा सूर लागत नाही, पोरांना शिकवायला तुला धीर नाही. शिड्या बऱ्या करतेस, त्याच कर. तेच तुझं पाचारण, देवाने तुला नेमून दिलेलं काम. माझा देव सोमवारी सुट्टीवर नसतो."

कंत्राटदार हसला. "देव काय शिडीवर चढणार आहे?"

"नाही. तुमचा मजूर चढणार आहे. आणि त्याची घरी कुणीतरी वाट बघतं. निघा तुम्ही."

तो निघाला. दिराने कमरेची कारखान्याची किल्ली काढून बाकावर ठेवली.

"माझ्याही घरी खाणारी तोंडं आहेत, वहिनी. खिळे ठोकायला त्याला माणूस हवाच आहे."

तिने त्याला अडवलं नाही. वाईट मात्र फार वाटलं. पडत्या काळात हा एकटाच तिच्या पाठीशी उभा राहिला होता.

पुढची शिडी भिंतीला लावलेली होती. धरायला कोणी नव्हतं. तिने एक जड ओंडका शिडीच्या पायथ्याशी सरकवला, गोणी खांद्यावर घेतली आणि चढली. वर पोचल्यावर सवयीने म्हणाली, "पास, भावजी."

मग उतरून तिने खडू शोधला आणि खूण स्वतःच केली.