भिंतीवरचं पत्र

मित्रांनो, जरा मान वर करा. वर्गाच्या छताला लटकलेला, धुळीने माखलेला हा म्हातारा प्रोजेक्टर म्हणजे मी. सरांच्या संगणकावर जे उघडतं ते मी समोरच्या भिंतीवर मोठं करून दाखवतो. काय दाखवायचं आणि काय झाकायचं, एवढी अक्कल मला कुणी दिलेली नाही. म्हणूनच मी सतत धास्तावलेला असतो.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! मी पेटलो की मुलं टाळ्या वाजवत. शिक्षकांना मला हाताळायला शिकवण्यासाठी एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. "खासगी काही उघडण्याआधी रिमोटवरचं हे बटण दाबून भिंत काळी करा," असं त्यांनी तीनतीनदा बजावलं. शाळेने तसा नियमच केला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. विज्ञानाच्या सरांनी दारातूनच सही ठोकली. "अहो बाई, घरी रोज टीव्ही लावतो मी. यात शिकायचं काय?" असं म्हणून ते चहाला गेले. रिमोट कपाटात पडून राहिला.

पुढे कितीतरी वर्षं काही बिघडलं नाही. मग सहलीच्या आदल्या आठवड्यातला तो तास आला. हृदयाचं चित्र दाखवून झालं होतं, मुलं ते वहीत काढत होती. सर भिंतीकडे पाठ करून संगणकापाशी बसले आणि आलेली पत्रं उघडू लागले. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी अक्षरंही मोठी केली.

पत्र एका आईचं होतं. पहिल्याच ओळीत तिच्या मुलीचं नाव होतं. वर्ग तिला रेडिओ म्हणायचा, कारण तिचं तोंड कधी बंद नसे. 'सर, ती अजून कधीकधी झोपेत अंथरूण ओलं करते. सहलीला मुक्काम आहे, तर तिला मध्येच कुणीतरी उठवावं. मैत्रिणींना कळलं तर ती शाळेत पाऊल टाकणार नाही.'

ओरडायला मला तोंड नाही. निदान माझा दिवा तरी उडावा, म्हणून मी मनातल्या मनात विनवण्या केल्या. एरवी दहादा लुकलुकणारा तो दिवा त्या दिवशी अगदी ठणठणीत होता. एकेक मान वर होऊ लागली. कुणीतरी फिसकन हसलं.

रेडिओने वर पाहिलं आणि ती धावलीच. भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. पण प्रकाश असा झाकता येतो का? तिच्या आईची अक्षरं मी तिच्या पांढऱ्या शर्टावर, गळ्यावर, गालांवर पाडत राहिलो.

"सर, बंद करा ना," ती म्हणाली.

सर वळले. "अरे देवा! मला... मला दिसलंच नाही गं!" त्यांना बटण सापडेना. शेवटी त्यांनी माझी वायरच उपटली.

सहलीच्या यादीतलं आपलं नाव तिने स्वतःच खोडलं. सरांनी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. प्रशिक्षक बाईंना पुन्हा बोलावलं आणि या वेळी ते वही घेऊन पहिल्या बाकावर बसले. आता ते चुकत नाहीत. तरीही मी पेटलो की सगळा वर्ग भिंतीकडे बघतो आणि ती एकटी सरांच्या हातातल्या रिमोटकडे बघते. मी विझेपर्यंत माझाही जीव टांगणीला लागलेला असतो.

मित्रांनो, माझं कौतुक नाही केलंत तरी चालेल. पण उद्या तुम्हीही कुठल्या ना कुठल्या यंत्रासमोर बसाल. तेव्हा कुणाचं काही उघडण्याआधी एकदा मागे वळून बघा. मी एकदा दाखवलेलं मला परत घेता येत नाही.