गिरणीच्या तोंडाशी कोलो

वर्षातून दोनदा आमची गिरणी बंद ठेवतात. सोन्याचं खनिज दळणारं हे पोलादी पिंप म्हणजे आडवं पाडलेलं दुमजली घरच. आतलं अस्तर झिजलं की माणसं तोंडातून आत शिरतात आणि नव्या प्लेटा बसवतात. या काळात कुठल्या कामावर कोण आणि क्रेन केव्हा कुणाकडे, हे ठरवणं माझं काम. कामाला किती माणसं लागतात ते मी सांगते, संगणक मोकळी माणसं शोधून नावं भरतो. माणसं पुरली तर रकाना हिरवा, कमी पडली तर लाल.

गिरणीच्या तोंडाशी पहारेकरी लागतोच. त्याने जागचं हलायचं नसतं. आतला माणूस अधूनमधून पत्र्यावर तीन ठोके देतो, बाहेरच्याने तीन परत द्यायचे. आतून ठोके आले नाहीत, तर त्याने मदतीला हाक मारायची.

हे काम वर्षानुवर्षं कोलोचं होतं. त्याचा खांदा दुखायचा, त्यामुळे तिसरा ठोका नेहमी जरा रेंगाळून पडायचा. गेल्या हिवाळ्यात पर्थच्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली आणि तो गेला. टोंगा बेटांवरून आलेल्या त्याच्या टोळीने मला विनवलं, "पोरी, त्याचं नाव तेवढं काढू नकोस." मी नाव तसंच ठेवलं आणि संगणकाने त्याला काम देऊ नये म्हणून त्याचे कामाचे तास शून्य केले.

या खेपेला भर दुपारी आमचे साहेब डॅरल माझ्या टेबलाशी आले. "काय गं, दोघं तापाने पडलेत, तरी तुझा आराखडा हिरवागार! माणसं काय वाळूत पेरलीस?"

मी हसले. मग पडद्याकडे पाहिलं. मुख्य कचेरीने आदल्या आठवड्यात सगळी माहिती नव्या प्रणालीत हलवली होती आणि तिथे जुने तास पुसले जाऊन प्रत्येकाला पूर्ण पाळी मिळाली होती. प्रत्येकाला. गिरणीचं तोंड, दुपारपासून: कोलो.

मी धावत सुटले. वाटेत सकाळचा पहारेकरी दिसला, डबा उघडून बसलेला. नवा मुलगा. "कोलो येतोय ना बदलीला?" त्याने विचारलं. "यादीत होता."

गिरणीच्या तोंडाशी स्टूल रिकामं होतं. बाजूच्या फळीवर कोलोच्याच टोळीतल्या मनासेकाकांचा बिल्ला लटकत होता. म्हणजे ते आत होते, एकटे.

आतून तीन ठोके आले.

मी हातोडा शोधत होते. तो उचलायच्या आधीच उत्तर गेलं. दोन ठोके, आणि जरा रेंगाळून तिसरा. प्रतिध्वनी असता तर आतून आला असता आणि तिन्ही ठोक्यांमधलं अंतर सारखं असतं. हा आवाज स्टुलाच्या बाजूने आला. मी पत्र्यावर हात ठेवला. तो अजून थरथरत होता.

मी हातोड्याने बडवत सुटले. मनासेकाका घामाने निथळत बाहेर आले. "काय आग लागली? दोनच प्लेटा राहिल्यात!"

"पहाऱ्यावर कोण होतं, काका?"

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. "उत्तर तर येत होतं," ते हळूच म्हणाले.

मागोमाग डॅरल धापा टाकत आले. "माझ्याकडे माणूस नाही. क्रेनवरच्या सेलाला इथे आणलंस तर गिरणी उद्याही सुरू होत नाही, आणि वर उत्तर मी देतो, तू नाही. तासाभराचं तर काम आहे."

"मला चालेल," मनासेकाका म्हणाले. "तो असला की मला भीती नाही."

"तुम्ही आत पडलात तर तो कुणाला हाक मारणार, काका?"

मी सेलाला बोलावलं आणि क्रेनचं काम उद्यावर ढकललं. आराखडा खालपर्यंत लाल झाला. डॅरल शिव्या घालत फोन करायला गेले. कोलोच्या नावापुढे मी रजा भरली. शेवटच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवला.

मनासेकाका स्टुलाशी वाकले. "ऐकलंस का रे? सुट्टी लागली तुझी. घरी जा आता." मग ते आत शिरले.

तीन ठोके आले. सेलाने तीन दिले, नीट, एकसारखे. आत शांतता. मग परत ठोके आले, पण दोनच.

सेलाने हातोडा अर्धवट उचलला. "दोन म्हणजे काय गं?"

"ते तुला नाहीत," मी म्हटलं. "तिसरा कोलोने द्यायचा."

आम्ही थांबलो. आत मनासेकाकाही थांबले होते. गरम वाऱ्याने फळीवरचा बिल्ला हलला. तिसरा ठोका आला नाही.

मग आतून प्लेट ठोकायचा आवाज सुरू झाला.