पाढ्यांची दुसरी खेप

…कडं बांबूचं आहे. बोटभर रुंद, आतून गुळगुळीत, बाहेरून तापलेल्या तारेने पाडलेले काळे ठिपके — आणि त्या ठिपक्यांमधून एक मुंगी चढते, काठावर थबकते, आत उतरते. कडं डोळ्याच्या इतकं जवळ की त्याच्या पोकळीतून पलीकडचं सगळं दिसतं: फरशीचा तुकडा, खडूची पूड, कुणाचे तरी अनवाणी पाय. स्कार्फ गळ्याशी अडकवायचं हे कडं. कुणाचं? ठिपके ओळखीचे… ठिपके माझेच. मग ते माझ्या गळ्यात का नाही?

तीन एके तीन. तीन दुणे सहा.

मुलं पाढे म्हणतायत. तीनचा. रंजनाला हायसं वाटलं — म्हणजे फार वेळ गेलेला नाही, म्हणजे कुणाला काही कळलेलं नाही.

आज शनिवार. खोडाळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या शाळेत शनिवारी खिचडीनंतर कब-बुलबुलचं, म्हणजे लहानग्यांच्या स्काउट-गाइडचं, पथक भरतं, आणि पथकाची बाई ती. भाजलं तर काय करायचं, जमीन हलली तर कुठे पळायचं, साप चावला तर का पळायचं नाही — सगळं ती शिकवते. दिवाळीनंतर यातली निम्मी मुलं आईबापांसोबत वीटभट्टीवर जाणार. तिथे बाई नसणार, म्हणून आत्ताच. झटका, म्हणजे फिट येणं, मात्र कार्यक्रमात नव्हता. तो तिने मधेच घुसवला होता, भाजणं आणि साप यांच्या मधे, सहज, जणू कुणी तरी वरून सांगितलंय. टणक वस्तू बाजूला करा. गळ्याभोवतीचं सैल करा. डोक्याखाली मऊ काही तरी. कुशीवर वळवा. तोंडात काही नाही, नाकाला काही नाही. घड्याळ कुणाकडेच नसतं, म्हणून सगळ्यांनी मिळून बेपासून पाढे सुरू करायचे — दहाचा संपला तरी माणूस शुद्धीवर आलं नाही, तर मोठ्या माणसाला हाक मारायची, दवाखान्याच्या गाडीला फोन लावायला सांगायचा. सरावात दर वेळी तीच पेशंट व्हायची आणि दर वेळी तीनच्या पाढ्यालाच उठून बसायची, कारण तोवर पथकातल्या लहान्याला हसू आवरत नसे.

आजही तीनच. तीन चोक बारा. पण लहान्या हसत का नाहीये?

आज मुळात बँडेज शिकवायचं होतं. कापडाचे तिकोनी तुकडे वाटून झाले होते, आणि वास आला. करपलेल्या नागलीच्या भाकरीचा. शाळेच्या चुलीवर आज भाकरी नव्हतीच, तेव्हाच तिला कळलं: हा वास बाहेरून येत नाही, तो आधी येतो, आणि त्याच्या मागोमाग — पण छे, तिचा मुलगा बालवाडीत जायला लागल्यापासून एकदाही नाही, गोळी एकदाही चुकलेली नाही… वासाला गोळीचं काय. तिच्याकडे दोन-चार श्वास होते. त्यातल्या एकात ती म्हणाली, "बँडेज राहू दे. झटक्याचा सराव करू. पेशंट मी!" मुलं ओरडली, हो बाई! आणि ती स्वतःच्या पायाने, नीट, फरशीवर आडवी झाली. लबाडी? होय, लबाडीच. खरा झटका मी त्यांना खोटा म्हणून दिला. पुढच्या आठवड्यात जव्हारला मेळावा आहे, दोन रात्रींचा मुक्काम, आणि यातल्या बहुतेकांनी अजून जव्हारचा बाजारसुद्धा धड पाहिलेला नाही. हेमंत सरांना कळलं तर ते तिला मुलांबरोबर पाठवणार नाहीत — आणि शाळेत त्या दोघांशिवाय शिक्षक नाही. सर शाळा सोडून जाऊ शकत नाहीत, म्हणजे कुणीच जाणार नाही. सर वाईट नाहीत. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही नसतं पाठवलं, हेच तर…

उठायला हवं. नेहमीसारखं. ती उठून बसली, टाळी वाजवली. टाळीला आवाज आला नाही, तळवे एकमेकांना नीट भेटलेच नाहीत. "शाब्बास," ती म्हणाली. जीभ जाड झाली होती. कडेला काही तरी खारट.

पाठीवर हात आला. मोठा, ओला, हळदीचा.

"पडून राहा, बाय."

खिचडी शिजवणारी कोंडी. पथकातल्या सुकऱ्याची आजी. ही वर्गात कधी आली?

"मावशी, तुम्ही कशाला आलात? आमचा खेळ चाललाय."

"हां, खेळ," कोंडी म्हणाली. "मी पण बघला खेळ. तोंडाला फेस आणून खेळतेस. भारीच खेळतेस."

पाढा थांबला होता. वीसेक डोळे. रंजनाने त्यांच्याकडे पाहिलं नाही, कड्याकडे पाहिलं. तीनचा तर चालला होता, तिला म्हणायचं होतं, तीनचाच ना…

"बाई," सुनिता म्हणाली. बुलबुलांची म्होरकी, तिसरीतली, कधी मोठ्याने न बोलणारी. "ही दुसरी खेप. दहाचा झाला. मग सुकऱ्या पळाला मोठ्या माणसाला आणायला. सर तर बाजारात गेले. त्याच्या पुढचं तुम्ही सांगितलंच नव्हतं. मग आम्ही परत बेपासून लागलो."

"अकराचा येत नाय ना," लहान्या म्हणाला. "नायतर लागलो असतो."

दहाचा झाला. म्हणजे… रंजनाने मनात ते अंतर मोजून पाहिलं, मोजता येईना. तिच्या बाजूला काहीच नव्हतं. करपलेली भाकरी, आणि लगेच बांबूचं कडं.

तसंच असतं. लहानपणी जामसरला, भाताच्या खाचरात, विहिरीच्या वाटेवर, एकदा आत्याच्या लग्नाच्या मांडवात — एका बाजूला वास, दुसऱ्या बाजूला बाबाची चप्पल. टायरची. शुद्धीवर येणं म्हणजे नाकात तो रबराचा, घामाचा, शेणाचा वास. मुठीत कोंबलेली किल्ली. वर वाकलेले चेहरे, आणि ते चेहरे लगेच दुसरीकडे बघायचे. मधे काय झालं? कुणी सांगायचं नाही. आई म्हणायची, काय नाय, चक्कर आली. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलायचाच नाही, फक्त कामावरून येताना करवंदं आणायचा, पानात बांधलेली. तिला वाटायचं, बाबा रागावलाय. चपलेचा तर तिला इतका संताप होता… आज पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांपुढे तो अनवाणी आला. एक पाय अनवाणी, हातात चप्पल, ढेकळांतून धावत येणारा. त्याच्याजवळ होती ती तेवढीच गोष्ट, आणि ती घेऊन तो प्रत्येक वेळी धावला होता.

"हा माझा नातू," कोंडी सांगत होती, कुणाला कोण जाणे. "मी चप्पल काढली, तर हा हाताला लोंबकळला माझ्या. नाकाला नको आजे, तोंडात नको! मला! मी किती जणांना हुंगवली हाय, ठावं हाय याला?"

"तू धुतेस का कधी ती?" सुकऱ्या म्हणाला.

वर्ग हसला. कोंडीही हसली, त्याच्या टाळक्यात टपली मारून. "गाडीला फोन लाव म्हणून कावला मला. मी म्हटलं थांब रं, डोळं उघडतीय ती."

आणि मग रंजनाने जे विचारलं ते आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. नवऱ्याला, कमलेशलाही नाही, आणि त्याने तर पाहिलंही होतं. सरावानंतर ती नेहमी विचारते त्याच आवाजात, पण आवाज आपोआप खाली गेला: "चला. काय काय झालं, ओळीने सांगा."

त्यांनी सांगितलं. बाक आम्ही तिघांनी सरकवला. कडं सुनिताने काढलं, लागेल म्हणून. माझा स्कार्फ डोक्याखाली. माझापण. बाई, तुम्ही हलत होत्या, धरायचं नाही ना, म्हणून नाही धरलं. पहिलीतली पोरं बघायला आली, त्यांना सांगितलं बाईंचा खेळ आहे, आणि दार लोटलं. मग तुम्ही थांबल्या, मग कुशीवर वळवलं, जड होत्या. लहान्याने हात धरला होता.

"तुम्ही दाबलात," लहान्याने बोटं दाखवली. "लय जोरात. पण मी सहाचा म्हणत होतो म्हणून रडलो नाय."

ती ऐकत होती. काळ्या भोकात कुणी एकेक पणती नेऊन ठेवावी तसं काही… नाही, पणती नाही. बाक. स्कार्फ. लोटलेलं दार. साध्या वस्तू, तिच्याच शिकवणीतल्या, आणि तरीही कुणी आयुष्यात पहिल्यांदा काही तरी परत आणून दिल्यासारख्या. तिथे मी एकटी नव्हते. तिथे पाढे चालू होते. बेपासून दहापर्यंत, आणि दहाच्या पुढे रस्ता नव्हता तर पुन्हा बेपासून — मला सोडून कुणी उठलं नव्हतं. कुणी दुसरीकडे बघितलं नव्हतं. आत्ताही बघत नाहीयेत. तिला रडू येत होतं, आणि ते भीतीचं नव्हतं एवढं तिला नक्की कळत होतं.

त्यांना कळलंय का, की खरं होतं? लहान्याला नसावं. सुनिताला… सुनिताने कडं उचललं, मुंगी फुंकून घालवली, स्कार्फची दोन टोकं त्यातून ओवली आणि बाईंच्या गळ्याशी हलकेच सरकवलं. मग दोन बोटं आत घालून पाहिली. सैल आहे ना.

"सरांना मी काय बोलायची नाय," कोंडी उठता उठता म्हणाली, हलक्या आवाजात. "तुझं तू बघ, बाय. गोड चहा आणते."

बाहेर, नागली वाळत घातलेल्या अंगणाच्या कडेने मोटरसायकल वळली. हेमंत सर. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. त्यांनी दार ढकललं, सरकलेला बाक पाहिला, फरशीवरचे चुरगळलेले स्कार्फ पाहिले.

"काय, बँडेज झालं का शिकून?"

"नाय सर," सुकऱ्या म्हणाला. "झटक्याचं केलं."

"वा! आणि पेशंट कोण होतं?"

दहा वर्षांच्या आतली ती सगळी तोंडं रंजनाकडे वळली — सांगू का, नको, असं विचारणारी नव्हेत. पाढ्यात मधेच अडलेल्याचा पुढचा आकडा ऐकायला मुलं थांबतात तशी, नुसती थांबलेली. सर हसत उभे. चुलीवर चहा उकळल्याचा वास. खरा, बाहेरून येणारा. तिने जिभेचं टोक त्या दुखऱ्या जागेवर टेकवलं, आणि तिच्या ध्यानात आलं की दहाच्या पुढे काय, हे त्यांना खरंच कुणी शिकवलेलं नाही, आणि तिलाही नाही. आत कुठे तरी, अगदी संथ, कुणी तरी पुन्हा बेपासून लागलं होतं. तिने तोंड उघडलं…