झऱ्यावर मोकळे केस

माझे केस खांद्याखाली सव्वा फूट येतात. सात वर्षं वाढवले आहेत. अंगात बहुतेक वेळा काळा टी-शर्ट असतो, त्यावर एखाद्या मेटल बँडचं काटेरी अक्षरांतलं नाव आणि खाली कवटी. ते संगीत कानात असलं की मला शांत वाटतं. आईला हे पटत नाही, पण खरं आहे.

मला पाहून लोक काय ठरवतात याची मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी नोंद ठेवली होती. चार महिन्यांत एकतीस प्रसंग. पहिला क्रमांक गांजाचा. नंतर कापूरहोळला चहा पिताना एकाने फार आदबीने विचारलं, "भाऊ, माल मिळंल का?" मी सांगितलं की माझ्या सॅकमध्ये बादली, स्टॉपवॉच आणि पाणी तपासायच्या पट्ट्या आहेत. तो समजूतदारपणे हसला. "नसंल सांगायचं तर ऱ्हाऊ द्या," म्हणाला.

तेव्हा मी नुकताच कामाला लागलो होतो. गाव आंबवडे, नाव अमृत, शिक्षण भूशास्त्रात एम.एस्सी. आमची संस्था डोंगरातले झरे मोजते. वेल्ह्याच्या वरच्या वस्त्यांतले चौदा झरे माझ्याकडे होते. प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा, पाण्याचा पहिला आकडा घ्यायचा आणि अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत पाठवायचं. फॉर्म गेला तर झऱ्याचं नाव दुरुस्तीच्या यादीत येण्याची शक्यता. नाही गेला तर पुढची यादी दोन वर्षांनी.

तेरा झरे झाले. राहिला कोकरे वस्तीचा. अकरा घरं, सगळी मेंढरं-शेरडं पाळणारी. एप्रिलात झरा आटला की बायका तासभर उतरून खालून पाणी आणतात, म्हणजे या यादीची खरी गरज त्यांनाच होती.

सतरा तारखेला मी तिथे पहिल्यांदा गेलो. झरा वस्तीच्या मागे एका घळीत आहे. वर एक सपाट दगड, तिथून सात पायऱ्या खाली, आणि कातळाच्या फटीतून येणारी अंगठ्याएवढी धार. एक म्हातारी कळशी भरत होती, मागे चार बायका उभ्या होत्या. मी "नमस्कार आजी" म्हणून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. म्हातारीने हात वर केला. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. तिने तोच हात बाहेरच्या दिशेने हलवला. पाचही जणी माझ्याकडे बघत होत्या आणि एकही बोलत नव्हती.

ही नजर माझ्या ओळखीची होती. मी वाद घातला नाही. वहीत 'प्रवेश नाकारला' असं लिहून परत फिरलो.

आमचे प्रमुख गोरख सर वाईट नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की साध्या माणसांसमोर असं ध्यान गेलं तर दुसरं काय होणार? केस काप, नाहीतर तो झरा सोमनाथकडे देतो. सोमनाथचे केस बारीक आहेत आणि त्याला मोजणी नीट येत नाही. मी आणखी एक संधी मागितली. या खेपेला जमलं नाही तर केस कापीन, असं कबूल केलं. भोरच्या सलूनवाल्याला सव्वीसच्या संध्याकाळी येतो असंही सांगून ठेवलं.

सव्वीस तारखेला मी वडिलांचा पांढरा शर्ट घालून गेलो. डोक्यावर टोपी, पायात नेहमीचे चामडी बूट. टोपीखालून केस पाठीवर आले होते, पण कवटी नव्हती. माझ्या मते मी निम्म्याहून जास्त तडजोड केली होती.

झऱ्यावर तीच म्हातारी होती. पुन्हा हात वर.

या वेळी मात्र मी बोललो. मी गांजा ओढत नाही, दारू पीत नाही, मला शाळेपासून गणितात पैकीच्या पैकी मार्क आहेत, हेही सांगितलं. माझे केस बघून तुम्ही मला परत पाठवताय, नुकसान तुमच्याच वस्तीचं होतंय, असं सुनावलं. माझा आवाज चढला होता. म्हातारी कळशीकडे बघत राहिली. तिचे ओठ तेवढे हलत होते. मला वाटलं, शिव्या देतेय.

कळशी भरली. तिने ती काखेत घेतली, सात पायऱ्या चढून आली, सपाट दगड ओलांडला आणि मग कळशी खाली टेकवून माझ्याकडे वळली.

"किती वरडतोस रं लेकरा पाण्यापाशी," ती म्हणाली. "आन केस मोकळं सोडून चाललास खाली. साती आसरा हायत तिथं. झपाटलं म्हंजी?"

तिच्या मागून वर आलेली तरुण बाई, तिची सून रत्ना, पदराआड हसत होती. मग तिने पाण्यातल्या त्या सात देवींचे नियम मला नीट समजावले. दगडाच्या आत बोलायचं नाही. चामड्याची पायताणं वर काढायची. केस मोकळे घेऊन कुणीही उतरायचं नाही, बाई असो की बाप्या. गेल्या वर्षी दवाखान्याची मॅडम आली होती, तिलाही अंबाडा घालायला लावला होता.

"मग हे तेव्हाच सांगायचं ना," मी म्हणालो.

"तवा आमी खालीच हुतो की," रत्ना म्हणाली. "वर येस्तवर तुमी फटफटीला किक मारून गेला."

पाच वर्षं मला शिकवलं होतं, की निरीक्षणाला एकापेक्षा जास्त कारणं असू शकतात, ती तपासा. इथे मी एकही प्रश्न न विचारता निष्कर्ष काढला होता आणि तो वहीत शाईने लिहिला होता. लोक माझ्याशी जे करतात तेच, जास्त शिकलेलं असूनही, मी त्यांच्याशी केलं होतं.

केस बांधायला माझ्याकडे काही नव्हतं. ठकुबाईंनी, म्हणजे त्या म्हातारीने, मला दगडावर बसवलं आणि घोंगडीच्या काळ्या लोकरीचा दोरा मागवला. केस विंचरताना त्यांनी दोनदा विचारलं, घरात तेल नाही का? त्यांचे मालक म्हादूबाबा काठी टेकत आले आणि केस कोणत्या देवाच्या नवसाचे ते विचारू लागले. हो म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. मी सांगितलं, नवस नाही, मला एक संगीत आवडतं, ते ऐकणारे असे केस ठेवतात. कसलं संगीत? मी इअरफोन त्यांच्या कानात घातला. म्हादूबाबांनी अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकलं.

"ह्येच्या मेंढरांत बिबट्या शिरलाय," ते म्हणाले. "पर आवाज चांगला हाय गड्याचा. डोंगरापल्याड जाईल."

मोबाईलवर त्याच बँडचं चित्र होतं, तीन कवट्या. मी ते झाकायला गेलो. ठकुबाईंनी मान वाकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "झाकतोस काय? आपल्या सगळ्यांच्या आत हायेच की ती."

अनवाणी, अंबाडा घातलेला, तोंड मिटून मी खाली उतरलो. दहा लिटरची बादली धारेखाली धरली. सत्तेचाळीस सेकंद, शेहेचाळीस, पुन्हा सत्तेचाळीस. मिनिटाला जवळपास तेरा लिटर.

वर येऊन फॉर्म भरायला बसलो. 'गेल्या दहा वर्षांत झालेला बदल' या रकान्यात तेराही झऱ्यांच्या वेळी मी 'माहिती उपलब्ध नाही' लिहिलं होतं. तसंच लिहायला लागलो, तेवढ्यात ठकुबाईंनी घड्याळात काय बघत होतास ते विचारलं. मी सांगितलं.

"त्ये तर मी बी मोजती," त्या म्हणाल्या. "बोलायचं न्हाई मग करायचं काय? आता तीन ईसा हुत्यात कळशीला. रत्ना नवी नवरी आली तवा येक ईसा आन वर चार. ह्याच दिसांत."

त्या शिव्या देत नव्हत्या. मोजत होत्या. वर्षानुवर्षं, प्रत्येक कळशीला.

मी विचारलं, कळशी तीच आहे का? तीच, माहेरची. मग त्यांनी पुन्हा कळशी भरली, आणि त्या मोजत असताना मी शेजारी उभं राहून घड्याळ लावलं. त्यांचे तीन ईसा, म्हणजे साठ आकडे, म्हणजे माझे सत्तेचाळीस सेकंद. तीन वेळा करून पाहिलं, फरक जास्तीत जास्त एका सेकंदाचा. त्या हिशेबाने रत्ना आली तेव्हा कळशी चोवीस आकड्यांत, म्हणजे एकोणीस सेकंदांत भरत होती. लग्नपत्रिका भिंतीला चिकटवलेली होती. दोन हजार चौदा, फेब्रुवारी, बरोबर दहा वर्षांपूर्वी. म्हणजे झऱ्याचं पाणी निम्म्याहून खाली आलं होतं, आणि हे मला माझ्या कोणत्याही उपकरणाने कळलं नसतं.

तो रकाना मी भरला. माहिती कुणी दिली: ठकुबाई म्हादू कोकरे, वय अंदाजे सत्तर. पद्धत: कळशी भरताना मोजलेले आकडे, स्टॉपवॉचशी पडताळून. वर डोंगराच्या माथ्यावर मोबाईलला रेंज मिळते, तिथून फॉर्म पाठवला.

सरांचा फोन वेल्ह्याच्या बाजारात असताना आला. दहा वर्षांचा आकडा कुठून आणला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, बाकीच्या तेरा वस्त्यांनाही परत जा आणि म्हाताऱ्या बायकांशी बोल. केसांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही सलूनवाल्याला येत नाही म्हणून कळवलं.

यादी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. कोकरे वस्ती चौथी होती. मी ठकुबाईंना सांगायला गेलो, तर त्यांनी काम कधी सुरू होणार, किती माणसं लागणार, घळीच्या वरची झाडं तोडणार तर नाही ना, असं सगळं विचारून घेतलं. झाडं राहतील हे मी लिहून दिलं. मग त्यांनी विचारलं, मोजायला किती वेळा यावं लागेल? मी म्हणालो, दर आठ दिवसांनी, दोन वर्षं. "मंग दर खेपंला केसांला तेल मी लावती," त्या म्हणाल्या.

घरी जाऊन आईला यादीच्याही आधी ही तेलाची बातमी सांगितली.