उठवणारी खुर्ची

धुलाईकेंद्रात दिवसभर इस्त्री करून घरी आलं की तिला आधी बाबांना उठवावं लागे. बाबांची हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली होती. आता गुडघे पार कामातून गेले होते. काखेत हात घालून त्यांना उभं करताना तिच्या नाकी नऊ येत आणि बाबा वर म्हणत, "सावकाश गं, जुना माल आहे."

अशात डिझाइन कॉलेजातली तीन मुलं दारात आली. "ताई, तुमच्या अडचणी समजून घ्यायच्यात. प्रकल्प आहे." तिच्या अगदी जिवावर आलं. पण त्यांच्यातली एक बडबडी मुलगी पुढे झाली. "मी उठवून बघू आजोबांना?" म्हणत तिने बाबांना धरलं आणि तिची पाठ अशी काही धरली, की बाबा राहिले बाजूला, तिलाच उठवायची वेळ आली.

"आता झालीस घरची," बाबा म्हणाले.

त्यानंतर मुलांचे प्रश्न कमी झाले. येत, आणि नुसती बघत बसत.

पुढे त्यांनी खुर्ची बनवून आणली. बाजूची दांडी दाबली की बैठक मागून हळूहळू वर येई आणि माणूस आपसूक पायांवर उभा राही. बाबा पहिल्यांदा असे उभे राहिले. खिडकीपर्यंत गेले आणि रस्ता बघत राहिले. त्या संध्याकाळी ती कित्येक महिन्यांनी पाय पसरून बसली.

मग एक दिवस कॉलेजची गाडी येऊन खुर्ची घेऊन गेली. प्रदर्शन होतं म्हणे, आठवड्यात परत. आठवडा गेला, महिना उलटला. फोन केला की, "सरांना विचारते ताई," एवढंच. पुन्हा काखेत हात आले. मध्ये आराम मिळालेले खांदे आता जास्तच कुरकुरत. त्यात तिच्या लक्षात आलं, बाबा पाणीच पीत नाहीत. तहान नाही म्हणत. लेकीला उठवायला लागू नये म्हणून म्हातारा तहान मारत होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती कॉलेजात गेली. दालनात खुर्ची चौथऱ्यावर, भोवती दोर, 'हात लावू नये'ची पाटी. मागच्या भिंतीवर बाबांचा हसरा फोटो, आणि शेजारी तिचा स्वतःचा, दमलेला चेहरा. आपण एवढ्या थकलेल्या दिसतो?

बडबडी मुलगी धावत आली. "ताई, बाहेरचे परीक्षक यायचेत अजून. सर म्हणतात, तोवर हलवायची नाही."

"बाबा पाणी पीत नाहीत गं," ती म्हणाली. भांडायचं ठरवून आली होती, पण आवाजात तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

मुलीने एकदा पाटीकडे पाहिलं. मग वाकून दोर सोडू लागली.

"अगं, नापास करतील तुला."

"तुम्ही मागची बाजू धरा, ताई. पाठ सांभाळून."

दोघींनी धापा टाकत खुर्ची रिक्षात कोंबली. घरी बाबांनी हाताने बैठक चाचपली. "परत नेणार का?"

"नाही, आजोबा."

मुलीला खरंच नापास केलं. प्रकल्प नव्याने करायचा होता. सुट्टी लागली तशी ती एका संध्याकाळी आली. "ताई, इस्त्रीने तुमचे खांदे भरून येतात ना? त्यावरच काम करावं म्हणते. विचारू थोडं?"

"विचार. पण आज नको," ती म्हणाली. "आज नुसती बस."

मुलगी चपला काढून तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने दोघींचेही डोळे मिटले. बाबांनी उठून पंखा वाढवला.