ओला साचा

मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, निजामाच्या अमदानीत आसाराम ओतारी राहायचा. पार पाटोद्यापर्यंतच्या देवळांत त्याच्या हातच्या घंटा होत्या. धातूचा रस तो ओती. भट्टीचा भाता ओढायची त्याची बायको चंद्रभागाबाई.

जवळच्या एका गावचे देशमुख विठ्ठलराव यांनी महादेवाला घंटा वाहायचा नवस केला. भट्टी देवळापुढंच घातली. पण आभाळ भरून आलं आणि मातीचा साचा वाळेना.

"मालक, साचा आतून ओला हाय. थोडं थांबाया पायजे," आसाराम म्हणाला.

"उद्या तहसीलदारसाहेब येणार. मुहूर्त तुझ्यासाठी थांबतो का बे?"

आसारामनं मान डोलावली. चंद्रभागाबाईनं त्याला बाजूला गाठलं.

"कावून हो म्हणलात? ओल्या साच्यात रस पडला की उसळंल."

"देशमुखाला न्हाई कोन म्हननार? तू भाता बघ."

दुसऱ्या दिवशी सनई वाजली. आसारामनं रसानं भरलेली मूस साच्यावर कलती केली. साच्यात गुडगुड झाली आणि तापलेलं कांसं तोंडातून उसळलं. आसाराम मागं उडी मारून वाचला. भात्याशी बसलेल्या चंद्रभागाबाईला उठायलाही सवड मिळाली नाही. तिचे दोन्ही डोळे गेले.

साहेबापुढं शोभा झाली म्हणून विठ्ठलराव संतापले. तेवढ्यात पुजारी म्हणाला, "बाई विटाळाची तर नव्हती? त्याशिवाय देव कोपणार नाही."

सगळे आसारामकडं बघायला लागले. चिंचेखाली चंद्रभागाबाई तोंडाला तुपाची फडकी लावून कण्हत पडली होती. ती कण्हायची थांबली.

"असंल," आसाराम म्हणाला. "बायकांचं मला काय म्हाईत?"

विठ्ठलराव निवले. घंटा पुन्हा ओतायचं काम त्यांनी त्यालाच दिलं. या खेपेला साचा चांगला वाळू दिला. घंटेवर विठ्ठलरावांचं नाव आलं.

चंद्रभागाबाई तोवर पाटोद्याला भावाकडं गेली होती. काही महिन्यांनी आसाराम गाडी घेऊन आला.

"चल. भात्यावर कुनी टिकंना. तुझ्या हाताला सवय हाय, डोळ्यांबिगर बी जमंल."

ती भिंतीला टेकून बसली होती. "शहादेव, मला न्हाई जायचं," ती भावाला म्हणाली.

शहादेवनं बायकोकडं पाहिलं. बायको चुलीपुढून उठली नाही.

"अक्का, नवरा न्यायला आलाय," तो हळूच म्हणाला. "लोक काय म्हनतील?"

त्यानंच तिला हाताला धरून गाडीत बसवलं. वाटेत आसाराम नव्या कामाचं बोलत राहिला. पुढं कितीतरी वर्षं तिनं भाता ओढला, पण आसारामशी पुन्हा एक शब्द बोलली नाही.